आधी सांधे, मग रूळ: जुन्या लायोनेल गाडीची मांडणी

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिक रोडला गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिथे 8 बाय 5 फुटांचं टेबल बसतं. काकांनी अमेरिकेहून आणलेलं 1950 च्या सुमाराचं लायोनेलचं (खेळण्यातल्या गाड्या बनवणारी अमेरिकन कंपनी) वाफेचं इंजिन, चार मालडबे आणि गंज चढलेल्या तीन-रुळी तुकड्यांची एक पिशवी हाताशी आहे. मांडणी जुन्या धाटणीची हवी, मध्ये जुन्या नाशिक रोडसारखं स्टेशन हवं, जमलं तर कसाऱ्याचा घाटही हवा. मग रूळ जुने पत्र्याचे घ्यावेत की प्लॅस्टिकच्या खडीवर बसवलेले नवे? आणि सांधे, म्हणजे गाडीला एका लाइनवरून दुसरीवर वळवणारे रुळांचे तुकडे, हाताने फिरवायचे की विजेवरचे?

मी अंबडला टूलरूममध्ये काम केलं आणि फावल्या वेळात जुन्या खेळण्यातल्या गाड्या दुरुस्त करत आलो. त्या कामातून एक गोष्ट पक्की झाली आहे. सरळ तुकड्यावर आणि वळणावर गाडी सहसा कुरकुर करत नाही. ती पडते, अडते, ठिणग्या उडवते ती सांध्यावर. म्हणून रूळ निवडून मग त्याला जुळणारे सांधे शोधायचे, हा क्रम मी उलटा करतो. गाडीची चाकं कुठला सांधा मान्य करतात ते आधी बघायचं, तो सांधा ठरला की रूळ आपोआप ठरतो, आणि टेबलाचा नकाशा सगळ्यात शेवटी.

तेव्हा पहिलं काम खरेदीचं नाही, मोजण्याचं. पिशवीतला एक तुकडा सपाट लादीवर ठेवा आणि लादीपासून रुळाच्या माथ्यापर्यंतची उंची मोजा. साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास भरली तर तो जाड ‘ओ’ रूळ. अकरा मिलिमीटरच्या आसपास भरली तर तो हलका ‘ओ-27’. दोन्हींत रुळांमधलं अंतर तेच, सव्वा इंच, त्यामुळे गाडी दोन्हींवर चालते. पण उंची वेगळी, जोडायच्या पिनांची जाडी वेगळी, आणि सांधेही वेगळे. हे दोन प्रकार एका मांडणीत मिसळू नका. जोडता येतात, पण प्रत्येक जोडाखाली पाचर घालत बसावं लागतं.

दुसरं, इंजिन उलटं करा आणि चाकांजवळ टाचणी न्या. टाचणी ओढली गेली तर त्यात मॅग्नेट्रॅक्शन आहे. लायोनेलने हे 1950 मध्ये आणलं: चाकांना चुंबकत्व येतं आणि ती रुळाला धरून राहतात, म्हणून चढावर आणि वळणावर पकड वाढते. पण रूळ लोखंडी असला तरच. निकेल सिल्व्हरचे किंवा अॅल्युमिनियमचे रूळ कितीही चकचकीत दिसले तरी त्या चुंबकाला तिथे धरायला काही मिळत नाही. टाचणी ओढली गेली तर लोखंडी रूळ, एवढं तिथेच ठरून जातं.

तिसरं, चाकांची आतली बाजू बघा. युद्धापूर्वीच्या काही इंजिनांत चाकाला लागूनच मोठं दातेरी चक्र असतं आणि ते नव्या, बारीक घडणीच्या सांध्यांच्या गार्ड रेलवर (चाकाला वाटेत ठेवणाऱ्या आतल्या पट्टीवर) चढतं. तुमचं इंजिन 1950 च्या आसपासचं आहे, म्हणजे बहुधा हा त्रास नसेल. तरी बघून घ्या, कारण काकांनी सांगितलेलं साल आणि इंजिनाचं खरं साल यांत दहा-पंधरा वर्षांचा फरक मी अनेकदा पाहिला आहे.

आता सांध्यांकडे येऊ. ‘ओ’ रुळासाठी लायोनेलचा 022 हा विजेवरचा सांधा 1938 पासून बाजारात होता, आणि जुन्या धाटणीच्या मांडणीसाठी माझं मत आजही त्याच्याच बाजूने आहे. कारणं दोन. पहिलं म्हणजे तो गाडीला स्वतःहून वाट देतो. दोन वाटा जिथे एकत्र येतात त्या बाजूने गाडी आली आणि सांधा विरुद्ध दिशेला लागलेला असला, तर साध्या सांध्यावर गाडी पडते. 022 मध्ये त्या टोकाच्या रुळाचा एक तुकडा बाकीच्यांपासून विजेने तोडलेला असतो. गाडीची चाकं त्यावर आली की तो तुकडा बाहेरच्या रुळाशी जोडला जातो, सांधा फिरवणाऱ्या कॉइलला वीज मिळते आणि इंजिन पोचायच्या आत सांधा फिरतो. यात तीन-रुळी पद्धतीचा फायदा आहे: मधल्या रुळातून वीज येते, बाहेरचे दोन्ही रूळ परतीचे, म्हणून त्यातला एक तोडला तरी गाडीला दुसरा पुरतो.

दुसरं कारण म्हणजे बाजूला असलेली छोटी खाच, जिच्यात स्थिर व्होल्टेजचा प्लग बसतो. प्लग न लावता सांधा रुळातूनच वीज घेतो. गाडी हळू चालवायला व्होल्टेज कमी केलं की सांध्याचा दिवा मंद होतो आणि कॉइल अर्धवट ओढते. अर्धवट फिरलेला सांधा हा न फिरलेल्या सांध्यापेक्षा वाईट. प्लग लावून वेगळी, कायम सारखी वीज दिली की गाडी रांगत असली तरी सांधा खाडकन फिरतो. जुने सांधे विकत घेताना हा प्लग सोबत आहे का ते विचारा. बऱ्याचदा तो हरवलेला असतो, आणि त्याच्याविना घेतलेला सांधा पहिल्याच दिवशी बदनाम होतो.

हाताचे सांधे स्वस्त आणि साधे, हे खरं. स्टेशनच्या कडेला एखादी मालधक्क्याची बंद लाइन असेल तर तिथे हाताचा सांधा मजेदारही वाटतो, कारण आपण स्वतः सांधेवाला होतो. पण मुख्य मार्गावर, जिथे फिरणारी गाडी त्याच सांध्यावर पुन्हा पुन्हा येणार आहे, तिथे तो नको. ‘ओ-27’ च्या विजेवरच्या जुन्या सांध्यांबद्दल एकच सावधगिरी: त्यांच्या मोटरचं घर रुळाला इतकं जवळ असतं की लांब इंजिनाचा वळणावर बाहेर येणारा भाग त्याला घासतो. 022 ची मोटर काढून दुसऱ्या बाजूला बसवता येते, ही सोय अरुंद टेबलावर फार उपयोगी पडते.

नव्या, खडीच्या बैठकीवरच्या रुळांना मी नावं ठेवत नाही. लायोनेलच्याच फास्टट्रॅकचे रूळ निकेलचा मुलामा दिलेले लोखंडी आहेत, म्हणजे मॅग्नेट्रॅक्शन त्यावरही चालतं. तुमची खोली जर पावसाळ्यात गळत असेल आणि दर जूनला सगळं उचलून माळ्यावर टाकायचं असेल, तर मी तेच सुचवेन. खटाखट जुळतात, खटाखट सुटतात. पण खाली पोकळ प्लॅस्टिक असल्यामुळे आवाज मोठा येतो, आणि तुमच्या इंजिनाखाली ते दृश्य मला तरी विजोड वाटतं. गारग्रेव्हज कंपनीचे लाकडी स्लीपरवाले रूळ आणि त्यांच्या जोडीला रॉस कंपनीचे सांधे ही तिसरी वाट. दिसायला सगळ्यात देखणी. मात्र ती खऱ्या रेल्वेसारखं दिसावं म्हणून आहे, जुन्या खेळण्यासारखं दिसावं म्हणून नाही. तुम्ही ‘जुन्या धाटणीची’ म्हणालात, त्यातून तुम्हाला जुन्या खेळण्याचं रूप हवं आहे असं मला समजलं. चुकत असेन तर सांगा, मग उत्तर बदलेल.

नळीदार रुळांचं, म्हणजे जुन्या पत्र्याच्या रुळांचं, रूप ज्यांना खटकतं ते बहुतेक वेळा स्लीपरमुळे. एका तुकड्याखाली फक्त तीनच पत्र्याचे स्लीपर असतात, बाकी सगळं उघडं. सुताराकडून त्याच रुंदीच्या लाकडी पट्ट्या कापून घ्या, काळपट रंग द्या आणि मधल्या मोकळ्या जागांत सरकवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि रुळांचं वय एकदम खरं वाटायला लागतं.

इथे एक गंमत सांगतो. सव्वा इंचाचा गेज (रुळांमधलं अंतर) 1:48 या प्रमाणात खऱ्या जगात बरोबर पाच फूट होतो. अमेरिकेतला खरा गेज चार फूट साडेआठ इंच, म्हणजे तिथल्या लोकांना हा रूळ किंचित रुंद दिसतो. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. म्हणजे नाशिक रोडच्या पाटीशेजारी ही गाडी जास्त शोभते! दोन-रुळी ‘ओओ’ या छोट्या प्रकारामध्ये 16.5 मिलिमीटरचा रूळ 1:76 ला जेमतेम चार फूट दीड इंचाच्या आसपास जातो, आणि आपल्या डोळ्यांना तो अरुंद वाटतो. अर्थात तुमच्या मांडणीत मधला तिसरा रूळ आहेच, त्याकडे काणाडोळा करावा लागेल. दोन-रुळी, छोट्या प्रमाणातली मोठी मांडणी प्रत्यक्ष कशी दिसते हे बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लघु रेल्वे संग्रहालय आहे. तिथे गाड्यांपेक्षा सांध्यांकडे जास्त वेळ बघा.

आता टेबल. ‘ओ-31’ म्हणजे 31 इंच व्यासाचं वर्तुळ, आठ तुकड्यांचं. ‘ओ-42’ म्हणजे 42 इंचांचं, बारा तुकड्यांचं. 022 ची वळणारी वाट ‘ओ-31’ च्या पूर्ण एका तुकड्याएवढी असते, म्हणजे 45 अंश. नवखे लोक इथेच फसतात. सरळ मार्गावर असा सांधा टाकून समांतर लाइन काढायची, तर वळण सरळ करायला उलटा एक तुकडा लागतो. यात जवळजवळ 21 इंच लांबी जाते आणि दुसरी लाइन पहिलीपासून पावणेनऊ इंचांवर जाऊन पडते. दोन्ही टोकांना असं केलं तर 42 इंच नुसते सांध्यांतच गेले. तुमच्या टेबलावर ‘ओ-42’ ची वळणं सोडून सरळ मार्ग उरतो पन्नासेक इंच. मग समांतर लाइन उरली आठ इंच. तिच्यावर एक डबाही उभा राहायचा नाही.

म्हणून सांधा सरळ मार्गाच्या मध्यात टाकू नका. वळण जिथे सुरू होतं तिथेच टाका, म्हणजे सांध्याची वळणारी वाट हीच वळणाचा पहिला तुकडा होते आणि एक इंचही वाया जात नाही. तुमच्या टेबलासाठी मी असं काढेन. पुढच्या बाजूला एकच सरळ मार्ग, 30 इंचांचा, म्हणजे दहा इंचांचे तीन तुकडे. त्याच्या दोन टोकांना एक डावा आणि एक उजवा 022, दोन वाटा फुटणारी तोंडं बाहेरच्या बाजूला. सांध्याची वळणारी वाट आत वळून ‘ओ-31’ चं आतलं वेढं पूर्ण करते. सांध्याची सरळ वाट दहा इंच पुढे जाते आणि तिथून ‘ओ-42’ चं बाहेरचं वेढं सुरू होतं. सगळ्याची लांबी मिळून 92 इंच, म्हणजे 96 इंचांच्या टेबलावर दोन्हीकडे दोन-दोन इंच सुटतात. मागच्या बाजूला दोन्ही वेढ्यांचे सरळ मार्ग एकमेकांपासून 11 इंचांवर समांतर धावतात. तुमचा नाशिक रोडचा फलाट त्या दोघांच्या मध्ये.

या मांडणीत एकाच वेळी दोन गाड्या फिरत नाहीत, कारण पुढचा मार्ग दोघींचा आहे. एक गाडी फलाटावर उभी राहते, दुसरी फिरून येते, मग पाळी बदलते. माझ्या मते हे नुसत्या दोन गोल फिरणाऱ्या गाड्यांपेक्षा जास्त रेल्वेसारखं आहे. त्यासाठी मागच्या दोन्ही सरळ मार्गांच्या टोकांना मधल्या रुळातली लोखंडी पिन काढून प्लॅस्टिकची किंवा फायबरची पिन घाला, आणि त्या तुकड्याची वीज एका साध्या स्विचवरून द्या. आणि इथेच 022 चं स्वतःहून फिरणं कामाला येतं: आतल्या वेढ्यावरून येणारी गाडी बाहेर पडताना आपली वाट आपणच लावून घेते, तुम्ही विसरलात तरी. शिरताना मात्र वाट तुम्हालाच लावावी लागते.

टेबलाची रुंदी 60 इंच आहे आणि वेढी 42 इंचांत बसतात, तेव्हा पुढे दीड फूट जागा उरते. तिथे मालधक्क्याची एक बंद लाइन काढा, हवा तर तो तिसरा सांधा हाताचा ठेवा. तिन्ही सांधे पुढच्या कडेपासून हात पोचेल एवढ्या अंतरावर आहेत, हे मी मुद्दाम पाहिलं. अडीच फुटांपलीकडच्या सांध्यावर डबा पडला की पोट टेबलावर टेकवून तो उचलताना आणखी दोन डबे पडतात. मागच्या बाजूसाठी टेबल भिंतीपासून हातभर पुढे ठेवा किंवा पायांना चाकं लावा.

घाटाबद्दल मात्र मी तुमचा हिरमोड करणार आहे. थळ घाटाचा, म्हणजे कसाऱ्याच्याच घाटाचा, चढ 1:37 आहे, आणि खऱ्या गाड्यांनाही कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. या गाडीवरून दुसरी गाडी न्यायची तर रूळ पाचेक इंच तरी वर उचलावा लागतो. 1:37 ने पाच इंच चढायला 15 फुटांहून जास्त लांबी लागते, उतरायला तेवढीच. तुमच्या बाहेरच्या वेढ्याची पूर्ण लांबी साधारण 19 फूट. हिशोब बसत नाही, आणि चढ दुप्पट तीव्र करून बसवलात तर मॅग्नेट्रॅक्शनही डबे ओढताना दमेल. शिवाय चढावर सांधा बसवायचा नाही हा नियम मी कधीच मोडत नाही. त्यापेक्षा मागच्या एका कोपऱ्यातल्या वळणावर बोगदा करा. त्या वळणात सांधा नाही, फक्त बोगद्याचा डोंगर वरून उचलता येईल असा ठेवा.

विजेचं आपल्याकडे वेगळं आहे म्हणून थोडं सविस्तर सांगतो. काकांनी सोबत ट्रान्सफॉर्मर आणला असेल तर तो 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचा असणार. 230 चे 110 करणारा स्टेप-डाउन लावला की काम झालं असं बरेच जण समजतात. व्होल्टेज जुळतं, पण आपली वीज 50 हर्ट्झची आहे आणि त्यामुळे गाभा जास्त तापतो. व्होल्टेजही त्याच प्रमाणात खाली आणून 100 वर ठेवलं तर गाभ्यावरचा ताण मूळच्याइतकाच राहतो, म्हणून 100 व्होल्टचा टॅप असलेला स्टेप-डाउन घ्या. जुन्या वायरचं रबर तडकलेलं असेल तर प्लग लावायच्या आधी ती बदला, यात काटकसर नको. फक्त गाडी आणि सांधे चालवायचे असतील तर ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या कारागिराकडून 230 वरून 18 व्होल्ट एसीचा, मध्ये टॅप असलेला नवा करून घेणं जास्त सुरक्षित. पण टेंडरमधली (इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यातली) शिट्टी वाजवायला रुळांत एसीसोबत थोडी डीसी मिसळावी लागते, ती सोय मूळ ट्रान्सफॉर्मरच्या शिट्टीच्या खटक्यात असते. शिट्टीसाठी जुना ठेवायचा असेल तर ठेवा. दोन्ही बाबतीत रुळांकडे जाणाऱ्या तारेत झटकन तुटणारा सर्किट ब्रेकर हवाच, कारण सांध्यावर डबा पडला की पहिलं शॉर्ट होतं.

लोखंडी नळीचा रूळ आणि आपला पावसाळा यांचं जमत नाही. नाशिकला जून ते सप्टेंबर पत्र्याखालच्या खोलीत रुळांच्या माथ्यापेक्षा पिनांवर आणि नळीच्या आत गंज लवकर धरतो, आणि तो दिसत नाही. लक्षण असं की टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गाडी मंदावते. पिशवीतले तुकडे वापरायचे तर प्रत्येक पिन पकडीने काढा, गंजली असेल तर बदला. नळीचं तोंड सैल झालं असेल तर पकडीने हलकेच आवळा. माथा हिरव्या घासणीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लोखंडी काथ्या अजिबात वापरू नका. त्याचे तंतू चुंबकी चाकांना चिकटतात आणि तिथून मोटरमध्ये जातात. दर तीन-चार तुकड्यांना खालून वीज जोडा, सगळा भार पिनांवर टाकू नका. टेबलाचा पृष्ठभाग 12 मिलिमीटरच्या मरीन प्लायचा घ्या. एप्रिलमधलं ऊन आणि जुलैमधली ओल यांत साधा प्लाय वाकतो, आणि वाकलेल्या प्लायवर सगळ्यात आधी सांधा रुसतो.

खरेदी परदेशातून करावी लागेल, आणि हे रूळ वजनदार असतात. सरळ तुकडे तिकडे स्वस्त मिळतात, पण टपालखर्च आणि आयातशुल्क मिळून किंमत कितीतरी वाढते. म्हणून पिशवीतले जेवढे वाचतील तेवढे वाचवा आणि बाहेरून आधी फक्त सांधे मागवा. विकणाऱ्याला वीज जोडून दोन्हीकडे फिरवल्याचा व्हिडिओ मागा, आणि प्लग व बटणाचा डबा सोबत हवा असं आधीच लिहून घ्या. आल्यावर ते टेबलावर बसवू नका. जमिनीवर एक सांधा आणि तीन-चार तुकडे जोडून सगळ्यात लांब डबा हाताने उलटा ढकला, दोन्ही वाटांनी, हळू आणि मग जोरात. ढकलताना जो डबा उडी मारतो तो इंजिनामागे ओढला जातानाही कधीतरी पडणारच. मग इंजिन तिथेच सांध्याच्या मध्यावर थांबवून पुन्हा सुरू करा. मधल्या रुळात तिथे खंड असतो, आणि इंजिनाचे मधल्या रुळातून वीज घेणारे दोन्ही रोलर त्या खंडावर आले तर ते जागचं हलत नाही. असं झालं तर टेंडरला रोलर आहे का बघा आणि त्यातून इंजिनाला एक बारीक लवचिक तार जोडा. रुळांची उंची मोजून कळवा, ती अकरा मिलिमीटर निघाली तर वरचा नकाशा ‘ओ-27’ साठी बदलून देतो.